घरचं धान्यखाद्य सुरू केल्यावर अंडी घटली, कवच पातळ झालं: तपासायचं कुठून?

परसात पाच-सहा कोंबड्या पाळणाऱ्यांकडे हा एकच बिघाड मी इतक्यांदा निस्तरला आहे, की तक्रारीचं पहिलं वाक्य ऐकलं की पुढची तीन मला पाठ असतात. तयार लेयर खाद्य (अंडी देणाऱ्या कोंबड्यांसाठी बनवलेलं) बंद केलेलं असतं. मका, गहू, ज्वारी, थोडी डाळ आणि सूर्यफुलाच्या बिया असं अख्ख्या धान्याचं मिश्रण घरी करायला घेतलेलं असतं, बहुतेक वेळा सेंद्रिय. पहिले पंधरा दिवस कोंबड्या भांड्यावर तुटून पडतात आणि मालक खूश असतो. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात एक अंडं हातात घेताच बोट आत जातं.

माझ्या स्वतःच्या खुराड्यात हे दोनदा झालं. दुसऱ्यांदा कारण तेच निघालं, म्हणून जास्त राग आला.

बिघाड उशिरा दिसतो त्याला कारण आहे. अंड्यावर आलेल्या कोंबडीच्या लांब हाडांच्या पोकळीत कॅल्शियमचा साठा असतो. खाद्यातून कमी पडलं की ती हाडांतलं काढते आणि अंडं देत राहते. तो साठा उतरला की मग कवचावर दिसायला लागतं. त्यामुळे 'खाद्य बदलून महिना झाला, म्हणजे खाद्याचा संबंध नाही' हा हिशोब उलटा आहे. महिना झाला म्हणूनच संबंध असू शकतो.

लक्षणं

खालच्यांपैकी दोन-तीन एकत्र दिसत असतील तर पुढचं वाचा:

- कवच पातळ किंवा खरखरीत, किंवा कवचच नाही, नुसती पातळ कातडी
- अंड्यांची संख्या हळूहळू घटणं, अंडी लहान होणं
- कोंबड्या स्वतःची अंडी फोडून खाणं
- एकमेकींची पिसं उपटणं, विशेषतः शेपटीच्या मुळाशी
- भांड्याच्या तळाशी रोज भुगा उरणं
- विष्ठेत अख्खे दाणे दिसणं
- कोंबडी हाताला जड लागते, पण अंडं नाही
- किंवा उलट, छातीचं हाड सुरीसारखं हाताला टोचतं

बलक फिका पडला ही तक्रार मी मुद्दाम यादीत घेतलेली नाही. बलकाचा रंग पिवळ्या मक्यातल्या आणि हिरव्या पाल्यातल्या रंगद्रव्यांवर ठरतो. गहू-ज्वारी वाढली की बलक फिका होतो, तेवढ्याने अंडं निकृष्ट होत नाही. केशरी बलक देणारी कोंबडीही कॅल्शियमला महाग असू शकते.

आधी कॅलेंडर बघा

याला काही खर्च नाही, आणि निम्म्या तक्रारी इथेच मिटतात.

तलंगा, म्हणजे अजून अंडी न देणाऱ्या तरुण कोंबड्या, साधारण १८ ते २२ आठवड्यांत अंड्यावर येतात, आणि त्यांची पहिली काही अंडी वेडीवाकडी किंवा मऊ निघणं नेहमीचंच आहे. वय वाढलं की अंडं मोठं होतं, पण कवचाचा माल तेवढाच राहतो. तो जास्त जागेवर पसरतो म्हणून कवच पातळ लागतं. पिसं झडायच्या काळात कोंबडी दोन-तीन महिने अंडं बंद ठेवू शकते. खुडूक बसली तर प्रश्नच नाही. दिवस लहान झाला की अंडी घटतात, कारण भरपूर अंड्यांसाठी १४ ते १६ तास उजेड लागतो. कडक उन्हाळ्यात कोंबडी धापा टाकते, श्वासावाटे जास्त कार्बन डायऑक्साइड बाहेर जातो आणि कवचासाठी लागणारा कार्बोनेट रक्तात कमी पडतो. वर ती खातेही कमी.

यातलं काही लागू पडत असेल तर खाद्याची कृती बदलू नका. थांबा आणि मोजत राहा. वहीत रोज तीन आकडे लिहायचे: किती अंडी, त्यातली किती मऊ, किती खाद्य घातलं. वही नसेल तर पुढच्या सगळ्या तपासण्या अंदाजपंचे होतात.

मग भांड्याचा तळ बघा

माझ्या अनुभवात उरलेल्या तक्रारींत दोष बहुतेक वेळा इथे सापडतो, म्हणून यावर जरा थांबतो.

कोंबडीला दात नाहीत. ती चोचीत मावेल तो दाणा उचलते आणि गिळते. मोठा, घट्ट, चकचकीत दाणा तिला आवडतो, पीठ आवडत नाही. आता घरच्या मिश्रणात काय असतं ते आठवा. मका मोठा, सूर्यफूल मोठं, गहू मध्यम. आणि पेंडीचा भुगा, मासळीचं पीठ, चुनखडीची पूड, मीठ, जीवनसत्त्वांची पूड हे सगळं बारीक. म्हणजे जे स्वस्त आणि भरपूर आहे ते चोचीला सोपं, आणि जे मोजून-मापून घातलं ते तळाशी. कागदावर खाद्य १७ टक्के प्रथिनांचं असतं. कोंबडीच्या पोटात गेलेलं १० टक्क्यांचं असतं.

एकदा समोर बसून बघा. कोंबडी चोच आडवी फिरवते, भुगा बाजूला उडतो, मका वर येतो, टक्. परत आडवी, परत टक्. सर्वात दांडगी कोंबडी पहिल्या दहा मिनिटांत सगळा मका उचलते आणि मागे राहिलेल्या दबक्या कोंबड्यांना वेगळंच खाद्य मिळतं. म्हणून एकाच खुराड्यात एक कोंबडी लठ्ठ आणि एक हाडाला लागलेली, असं चित्र दिसतं.

तपासणी अशी. अंड्यावरची मध्यम कोंबडी दिवसाला साधारण १०० ते १२० ग्रॅम खाते. सहा कोंबड्यांना ७०० ग्रॅम खाद्य वजन करून सकाळी घाला, दिवसभर दुसरं काही देऊ नका. संध्याकाळी उरलेलं चाळणीतून चाळा. चाळणीवर काय राहिलं आणि खाली काय पडलं ते वेगवेगळं तोला. माझ्याकडे दुसऱ्या वेळी १४० ग्रॅम उरलं होतं आणि चाळणीवर मक्याचा एक दाणा नव्हता. सगळा करडा भुगा, बोटांना चुन्यासारखा चिकटणारा. मी रोज सकाळी त्याच्यावर ताजं खाद्य ओतत होतो. म्हणजे महिनाभर कॅल्शियम आणि प्रथिनं भांड्यातच जपून ठेवत होतो!

उपाय सोपे आहेत. मका भरडून घ्या, म्हणजे त्याचा आकार बाकीच्यांच्या जवळ येईल. खाद्य पाणी शिंपडून ओलसर करा: मुठीत दाबलं तर गोळा व्हावा, बोट लावताच फुटावा, इतपतच. भुगा दाण्यांना चिकटतो आणि निवडायला वाव राहत नाही. ओलं केलेलं खाद्य तासा-दोन तासांत संपेल एवढंच घाला, उरलं तर काढून टाका. आणि दिवसातून एकदा भांडं पूर्ण रिकामं होऊ द्या. रिकामं भांडं बघून जीव तुटतो हे मला कळतं, पण तळाचा भुगा खाऊन झाल्याशिवाय वर नवीन ओतणं म्हणजे कोंबड्यांना निवडायची सवय आपणच लावणं. दबक्या कोंबड्यांसाठी दुसरं भांडं लांबच्या कोपऱ्यात ठेवा, एकाच भांड्यावर भांडणं नकोत.

एवढं करून दोन आठवडे थांबा. मिश्रणात पेंड, कॅल्शियम, मीठ सगळं मुळात घातलेलं असेल तर बऱ्याच जणांचा प्रश्न इथेच संपतो. कृती नवी शोधायची गरज पडत नाही.

पाणी

कोंबडी खाद्याच्या वजनाच्या साधारण दुप्पट पाणी पिते, उन्हात त्याहून बरंच जास्त. कोरडं धान्य आणि पाणी लांब, किंवा भांडं उन्हात तापलेलं, की ती खाणंच कमी करते. एक दिवस पाणी तुटलं तर त्याची किंमत पुढचे कितीतरी दिवस अंड्यांत मोजावी लागते. तेव्हा भांडं सावलीत आणा, घासा, दोन ठिकाणी ठेवा. निपल (चोचीने दाबून पाणी प्यायच्या तोट्या) लावले असतील तर प्रत्येक दाबून बघा. संपलं.

वरचा खाऊ

'मी खाद्य अगदी मोजून देतो' असं सांगणाऱ्या माणसाच्या घरात दुसरं कोणीतरी संध्याकाळी मूठभर मका टाकत असतं. हिशोब बघा. कोंबडीच्या दिवसाच्या ११० ग्रॅममध्ये ३० ग्रॅम मका (प्रथिनं साधारण साडेआठ टक्के) आणि ८० ग्रॅम तुमचं १७ टक्क्यांचं खाद्य, तर एकूण प्रथिनं पावणेपंधरा टक्क्यांपर्यंत खाली येतात. कॅल्शियमही त्याच प्रमाणात पातळ होतं. शिळंपाकं, फळांच्या साली हीसुद्धा याच खात्यात. वरचा खाऊ दिवसाच्या खाण्याच्या दहाव्या हिश्श्याच्या आत ठेवा, आणि तोही कोंबड्यांनी आपलं खाद्य खाल्ल्यावर.

कॅल्शियम: वेगळ्या वाटीत, संध्याकाळी, जाडसर

एका अंड्याच्या कवचात साधारण दोन ग्रॅम कॅल्शियम असतं. खाल्लेलं सगळं अंगी लागत नाही, म्हणून कोंबडीला दिवसाला चारेक ग्रॅम लागतं. आता धान्याकडे बघा. मका, गहू, ज्वारी, डाळी मिळून ११० ग्रॅममधून जेमतेम दशांश ग्रॅम मिळेल. धान्य सेंद्रिय असलं तरी आकडा हाच. सेंद्रिय म्हणजे ते कसं पिकवलं ते कळतं, त्यात काय नाही ते भरून निघत नाही. हे वाक्य मला दर वेळी म्हणावं लागतं आणि दर वेळी समोरचा थोडा दुखावतो.

कवच चढायला सुमारे २० तास लागतात आणि त्यातला बराचसा काळ रात्रीचा असतो. कोंबडी झोपलेली, खाणं बंद, आणि नेमकी तेव्हाच गरज. बारीक पूड दुपारीच पोटातून पुढे निघून गेलेली असते. शिंपल्यांचा किंवा चुनखडीचा जाडसर चुरा, दोन ते चार मिलिमीटरचा, गिझार्डमध्ये (दाणे दळणाऱ्या स्नायूंच्या जठरात) रात्रभर हळूहळू विरघळत राहतो. म्हणून चुरा जाड हवा, आणि तो वेगळ्या वाटीत ठेवायचा. अंड्यावरच्या कोंबडीला दुपारनंतर कॅल्शियमची ओढ लागते आणि ती आपली आपण खाते. अंडं न देणारी फारसा खात नाही.

अंड्यांची टरफलं परत द्यायची असतील तर भट्टीत किंवा तव्यावर चांगली तापवून, चुरून द्या. अख्खं अर्धं टरफल टाकलं की अंडं ओळखून फोडायला शिकतात. मात्र नुसत्या टरफलांवर गणित जुळत नाही, कारण टरफलं फुटतात, हरवतात आणि दिलेलं सगळं परत कवचात जात नाही.

इथे दोन चुका मी पुन्हा पुन्हा पाहिल्या आहेत. चुनखडी आणि चुना एक नव्हेत. भिंतीला लावायचा किंवा भिजवलेला चुना दाहक असतो, तो खाद्यात घालायचा नाही. दुसरी चूक, पिल्लांना आणि अंड्यावर न आलेल्या तलंगांना मोठ्यांचं कॅल्शियमवालं खाद्य देणं. त्यांचं मूत्रपिंड त्याने खराब होतं. घरात लहान-मोठ्या एकत्र असतील तर खाद्यात कॅल्शियम कमी ठेवा आणि चुऱ्याची वाटी वेगळी, हाच सुरक्षित मार्ग.

कवचाचा फरक लवकर दिसतो, आठवड्याभरात. दिसलाच नाही, तर कॅल्शियम पोहोचूनही वापरलं जात नाहीये. ड जीवनसत्त्व कमी असेल (कोंबड्या दिवसभर बंद छपराखाली असतात का?), फॉस्फरसचा तोल गेला असेल, किंवा आजार असेल.

खडे

चुऱ्याबरोबर हेही बघून घ्या. अख्खं धान्य दळायला गिझार्डमध्ये न विरघळणारे खडे लागतात. मातीत हिंडणाऱ्या कोंबड्या ते वेचतात. सिमेंटच्या जमिनीवर किंवा पिंजऱ्यात असणाऱ्यांना द्यावे लागतात. शिंपल्यांचा चुरा खड्यांचं काम करत नाही, तो विरघळून जातो. विष्ठेत अख्खे दाणे दिसत असतील तर आधी खडे ठेवा, मग पुढचा विचार.

मीठ

'मीठ घालायचं असतं का?' असा प्रश्न आला की मला उत्तर सापडलेलं असतं. धान्यात सोडियम नगण्य असतं. मीठ नसलं की कोंबड्या अस्वस्थ होतात, पिसं उपटतात, खाणं आणि अंडी दोन्ही घटतात. १० किलो खाद्याला ३० ग्रॅम साधं मीठ, तोलून. चमच्याच्या अंदाजाने नको, कारण जास्त झालं तर पातळ विष्ठा होते आणि पाणी कमी पडलं तर विषबाधाही. मासळीचं पीठ खारट असेल तर मीठ त्या मानाने कमी करा.

साठवण: नाक आणि हात

पोत्याच्या तळापर्यंत हात घाला. ओलसर, कोमट लागलं, गुठळ्या आल्या, जाळी दिसली किंवा कुबट वास आला तर ते खाद्य बाद. धुऊन, वाळवून, भाजून वाचवायचा मोह आवरा. बुरशीचं अफ्लाटॉक्सिन हे विष घरच्या आचेने नष्ट होत नाही आणि ते थेट यकृतावर जातं. १९६० मध्ये इंग्लंडमध्ये एक लाखाहून अधिक टर्की पक्षी मेले तेव्हा सुरुवातीला कोणाला रोगच कळेना. मूळ निघालं ते बुरशी लागलेल्या शेंगदाणा पेंडीत, आणि त्यातूनच पुढे अफ्लाटॉक्सिनचा शोध लागला. शेंगदाणा पेंड आणि मका या दोन गोष्टींकडे म्हणून जास्त बारकाईने बघायचं.

भरडलेलं धान्य अख्ख्यापेक्षा लवकर खवट होतं, तेलबिया भरडलेल्या असतील तर आणखी लवकर. दोन-तीन आठवड्यांत संपेल एवढंच भरडा. अख्खं धान्य मात्र कोरडं असेल तर महिनोन्‌महिने टिकतं. घरी खाद्य करण्याचा खरा फायदा मला विचाराल तर हाच आहे.

कोंबडी हातात घ्या

इथपर्यंत पैसे जवळजवळ गेलेले नाहीत. आता रात्री विजेरी घेऊन खुराड्यात जा, कोंबड्या शांत असतात. छातीच्या हाडावरून बोट फिरवा. दोन्ही बाजूंना मांस भरलेलं असावं. हाड टोचत असेल तर ती उपाशी आहे, जंत झालेत किंवा आजारी आहे. पोट चरबीने लोंबत असेल तर मका फार झाला. प्रथिनं कमी आणि ऊर्जा जास्त अशा खाद्यावर यकृतात चरबी साठते आणि धडधाकट दिसणारी कोंबडी एखाद्या सकाळी अचानक मेलेली सापडते.

पंखांखाली आणि गुदद्वाराभोवती पिसं उलटी करून उवा बघा. लाल माइट (रक्त पिणारे बारीक किडे) दिवसा अंगावर दिसतच नाहीत, रात्री येतात. बसायच्या दांडीच्या फटीत पांढरा कागद खरवडून बघा. कागदावर लाल डाग पडले तर तुमचा खाद्याशी भांडायचा वेळ वाया गेला आहे.

गळ्याची पिशवी तपासायची ती पहाटे, खाद्य घालण्याआधी. रात्री भरलेली पिशवी सकाळी रिकामी हवी. सकाळीही ती टणक चेंडूसारखी लागत असेल किंवा पाण्याने भरल्यासारखी डुचमळत असून आंबूस वास येत असेल, तर घरगुती प्रयोग नकोत. कोंबडी उलटी धरून पिशवी पिळण्याचा सल्ला तुम्हाला कोणीतरी देईलच. तो ऐकू नका, श्वासनलिकेत पाणी जाऊन कोंबडी हातातच मरते.

आता कृतीचा हिशोब

लोक सुरुवात इथून करतात. मी इथे शेवटी येतो, कारण इथे वेळही जातो आणि पैसाही.

नेहमीची घरगुती कृती घ्या: ८ किलो धान्य, १ किलो वाटाणे किंवा डाळ, १ किलो सूर्यफुलाच्या बिया. धान्याचं प्रथिन सरासरी १० टक्के, वाटाण्याचं २२, बियांचं १७ धरलं तर एकूण १२ टक्क्यांच्या आसपास भरतं. कोंबडीला हवं १६ ते १८. दिवसाच्या ११० ग्रॅममधून तिला १८-१९ ग्रॅम प्रथिन मिळायला हवं, मिळतं १३. एका अंड्यातच सहा ग्रॅमच्या वर निघून जातं.

याउलट, तोल सांभाळून केलेलं १० किलो असं दिसतं. साडेसहा किलो धान्य, २ किलो ४०० ग्रॅम सोयापेंड (४४ टक्के प्रथिनांची), ९०० ग्रॅम शिंपल्यांचा चुरा किंवा चुनखडी, १०० ग्रॅम डायकॅल्शियम फॉस्फेट, ३० ग्रॅम मीठ, आणि जीवनसत्त्व-खनिजांचं मिश्रण त्याच्या पाकिटावरच्या मापाने. प्रथिनं १७ टक्के, कॅल्शियम साडेतीन टक्क्यांच्या थोडं वर. खनिज मिश्रणात फॉस्फरस आधीच पुरेसा असेल तर डायकॅल्शियम फॉस्फेट वगळा. फॉस्फरस वेगळा का, तर धान्यातला सुमारे दोन तृतीयांश फायटेट या संयुगाच्या रूपात अडकलेला असतो आणि कोंबडीला तो नीट सोडवून घेता येत नाही.

सोयाबीन टाळायचं असेल तर टाळता येतं, पण फुकट नाही. प्रथिनांचा एकूण आकडा जुळला तरी आतल्या अमिनो आम्लांचा (प्रथिनांच्या घटकांचा) तोल जुळावा लागतो. धान्यात लायसिन कमी, डाळींमध्ये लायसिन भरपूर पण मेथिओनिन कमी. मेथिओनिन कमी पडलं की अंडी लहान होतात, पिसं नीट येत नाहीत आणि कोंबड्या दुसरीची पिसं खायला बघतात. तिळाची पेंड, सूर्यफुलाची पेंड आणि मासळीचं पीठ ही उणीव भरतात. कडक सेंद्रिय पद्धतीत ही खरी अडचण आहे: युरोपीय संघाच्या सेंद्रिय नियमांत कृत्रिम अमिनो आम्लं चालत नाहीत, अमेरिकेच्या नियमांत कोंबड्यांसाठी कृत्रिम मेथिओनिनला मर्यादित सूट ठेवावी लागली आहे.

आणि काही गोष्टी घालायच्याच नाहीत. कच्चं सोयाबीन नको. त्यातला ट्रिप्सिन-रोधक प्रथिनं पचूच देत नाही, आत नीट गरम होईपर्यंत भाजावं लागतं. कच्चा राजमा विषारी असतो. सरकी पेंड गुरांना चालते, पण तिच्यातल्या गॉसिपॉलने अंड्याचा बलक साठवणीत हिरवट-तपकिरी होतो. गुरांचं तयार खाद्य तर अजिबात नको, त्यात युरिया असू शकतो.

जीवनसत्त्वांचं मिश्रण 'रसायन' म्हणून गाळणारे बरेच भेटतात. दिवसभर मोकळ्या गवतात, उन्हात, किडे वेचत हिंडणाऱ्या कोंबडीचं त्यावाचून काही काळ निभावतं. चार भिंतींत बंद असलेलीचं निभावत नाही. अंडी उबवायची असतील तर यावर तडजोड करूच नका, बी-२ जीवनसत्त्व कमी पडलेल्या पिल्लांची बोटं आत वळलेली निघतात.

शेवटची कसोटी

एवढं करूनही उलगडत नसेल तर घरचं खाद्य पूर्ण बंद करून तीन आठवडे चांगलं, ताजं, तयार लेयर खाद्य द्या. वरचा खाऊ शून्य. अंडी सुधारली तर दोष तुमच्या मिश्रणात किंवा ते देण्याच्या पद्धतीत. काहीच फरक पडला नाही तर दोष कोंबडीत, आणि मिश्रण बदलत बसण्यात अर्थ नाही. ही कसोटी खरं तर स्वस्त आहे, मनाला मात्र जड जाते. तयार खाद्याचं पोतं परत घरात आणताना हरल्यासारखं वाटतं. मी आणलं होतं. तीन आठवड्यांनी नेमकं कळलं, तेव्हा पोतं बंद करून परत घरच्या खाद्यावर आलो.

परत येतानाही एकदम उडी नको. आठ-दहा दिवसांत जुन्यात नवं थोडं थोडं वाढवत जा.

थांबा आणि पशुवैद्यकांना बोलवा

खालचं काही दिसलं तर वरची कुठलीही तपासणी करत बसू नका.

कोंबडी शेपूट खाली सोडून, पेंग्विनसारखी उभी राहून कुंथते आहे आणि अंडं येत नाही: अंडं अडकलं असण्याची शक्यता आहे, हे त्याच दिवशी बघावं लागतं. श्वास घेताना घरघर, डोळ्या-नाकातून पाणी, तुरा निळसर किंवा पांढराफटक, मान वळणं, पाय लुळे पडणं, हिरवी किंवा रक्ताची विष्ठा, दिवसभर खाणं बंद. कवचांवर अचानक सुरकुत्या आणि आतला पांढरा भाग पाण्यासारखा, सोबत शिंका, हे श्वसनाच्या संसर्गाचं चित्र आहे, कॅल्शियमचं नाही. दोन दिवसांत एकाहून जास्त मृत्यू झाले तर मानमोडी किंवा बर्ड फ्लूचा संशय आधी धरायचा. आजारी वेगळ्या करा, एकही कोंबडी, अंडं किंवा भांडं बाहेर देऊ नका आणि लगेच सरकारी पशुवैद्यकांना कळवा. प्रतिजैविकं स्वतःच्या मनाने पाण्यात घालू नका. तपासणीत मग खरं कारण झाकलं जातं, आणि औषध अंड्यांतही उतरतं.

मेलेली कोंबडी घरी कापून बघू नका. हातमोजे घालून दोन पिशव्यांत बांधा, बर्फाच्या पेटीत थंड ठेवा. गोठवू नका, गोठवल्याने पेशी फुटतात आणि शवविच्छेदनात काही वाचता येत नाही. सोबत त्याच पोत्यातलं अर्धा-एक किलो खाद्य न्या, वरचं आणि तळाचं वेगवेगळ्या पिशव्यांत, आणि ती वही.